अँटिव्हायरसच्या कार्डाची पाठ

ती घटना आठवली की आजही माझा उजवा अंगठा समोरच्या कागदाच्या पाठीवरून आपोआप फिरतो. बायको म्हणते, लाइट बिल उलटं धरून काय चाचपता? तिला आता सवय झाली आहे. इथे मात्र सगळं सविस्तर सांगतो. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनातच ठेवावी.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना माझी बदली बीडला सायबर कक्षात झाली. उभा जन्म मी मारामाऱ्या, घरफोड्या आणि बांधावरची भांडणं यांत काढलेला. संगणक म्हणजे माझ्या लेखी टाइपरायटरचा श्रीमंत भाऊ. कक्षात तीन संगणक, एक ठिबकणारा एसी आणि एक महिला पोलीस नाईक होती. ती धारूरकडची, शेतकऱ्याघरची, बोलायला एकदम रोखठोक. ज्ञान सगळं तिच्याकडे आणि सहीचा अधिकार माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. आधी मला तिचा जरा रागच यायचा. माहीत नसलेलं काम करणाऱ्या साहेबाला हाताखालच्या हुशार माणसाचा राग येतोच, हे मी पोलीस खात्यात पुष्कळ पाहिलं आहे. फक्त ते स्वतःत पाहायला वेळ लागला.

एका सोमवारी, हजेरी घेऊन स्टेशन डायरी चाळत असताना, सुनेचा हात धरून एक गृहस्थ आत आले. वय सत्तरीच्या पुढे, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर. आपल्याकडे निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत, आणि ते वाचून मराठीत करून देणारी माणसं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मास्तर त्यांतले एक. कोर्टात जमिनीचा दावा अडला की हिंदू काय, मुसलमान काय, सगळे त्यांच्या गल्लीचा पत्ता विचारत यायचे.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या बारा वर्षांच्या मेहनतीला कोणीतरी कुलूप लावून गेलंय.”

घरच्या संगणकावर त्यांनी एक शब्दकोश तयार केला होता. जुन्या कागदांत सापडलेला प्रत्येक शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि तो कुठल्या गावच्या कागदात कसा वापरलाय त्याची नोंद. नेकनूरच्या कागदात एका शब्दाचा जो अर्थ, तोच धारूरच्या कागदात जरा वेगळा. हा फरक सांगणारं पुस्तक कुठल्याच दुकानात मिळत नाही. आता पडद्यावर फक्त एक लाल चौकट दिसत होती आणि एकही फाइल उघडत नव्हती.

“पुन्हा नाही का लिहिता येणार?” मी विचारलं. आता लाज वाटते, पण विचारलं.

“मेहनत गेली तर आदमी दुसरी करतो, साहेब. नजर कुठून आणू? डोळ्याचा पडदा सुकत चाललाय. डागदर म्हणाले, फार तर सालभर. अन् कागद तरी कुठं हायत? लोक आपापले घेऊन गेले. काहींचे वाळवीनं खाल्ले. दुनियेत ते शब्द आता तेवढ्याच एका डब्यात हायत.”

त्यांची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. त्यातली एक गोष्ट ऐकून मला हसू आवरेना, आणि नंतर तीच गोष्ट आठवून मी अनेकदा मान खाली घातली. संगणक संथ झाला म्हणून मास्तर अँटिव्हायरस घ्यायला बाजारात गेले होते. दुकानदारानं चार डबे पुढे मांडले. एक वर्षाचा की तीन वर्षांचा, साधा की सगळ्याला पुरून उरणारा, अशी सरबत्ती केली. मास्तर गोंधळून रिकाम्या हातानं परत आले. चारच दिवसांनी एक नीटनेटका माणूस त्यांच्या गल्लीत आला. ‘घरी येऊन अँटिव्हायरस लावून देतो, कंपनीचा माणूस आहे,’ म्हणाला. मास्तरांनी त्याला जुन्या दस्तासारखं तपासलं. जुना दस्त खरा मानायचा तर त्यावर तीन गोष्टी लागतात. मोहर, दस्तखत आणि दोन साक्षीदार.

“मी त्याला म्हणलं, मोहर दाखव. त्यानं शिक्का मारलेलं कार्ड दिलं. दस्तखत म्हणलं, तर त्यावर पेनानं लायसनचा नंबर लिहून सही केली. साक्षीदार म्हणलं, तर गल्लीतल्या दोन घरांची नावं सांगितली. दोन्ही घरांत मी सुनेला पाठवून विचारलं. ‘लई चांगला माणूस हाय,’ म्हणाले. आता तुमीच सांगा, मी चुकलो कुठं?”

महिला नाईक खुर्चीवरून न उठता म्हणाली, “मास्तर, दस्ताला साक्षीदार लागतात. अँटिव्हायरसला न्हाई लागत. तुमच्या संगणकात तो आधीपासूनच होता. फुकटचा.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकानं पुसू लागले.

पंधरा दिवसांनी लाल चौकट आली. मास्तरांनी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. त्या माणसानं दुरुस्तीचे भरमसाट पैसे सांगितले. मास्तरांनी त्याला सरळ विचारलं की, तू लावल्यावरच हे झालं, मग तूच केलं नसशील कशावरून? त्या दिवसापासून फोन बंद. सिम कार्ड काढलं होतं भलत्याच्याच नावावर. आम्ही संगणक आणि ते कार्ड पंचांसमक्ष जप्त केलं, लाखेचं सील लावलं आणि मुद्देमालात जमा केलं. तपासासाठी कार्डाची झेरॉक्स फाइलला लावली. आमच्याकडची ही पक्की पद्धत. अस्सल वस्तू कुलपात, काम सगळं नकलेवर.

टिप मिळाली ती अशा ठिकाणी की सांगितलं तर खोटं वाटेल. कोर्टाच्या कामावरून परतताना मी मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर चहाला थांबायचो. मालक जुन्या ओळखीचा. माझा चेहरा बघून म्हणाला, “साहेब, कावून एवढं तोंड उतरलंय?”

मी म्हणालो, एका म्हाताऱ्याचा संगणक बंद पडलाय, उघडत नाही.

“मग त्या पोऱ्याला बोलवा की! लई हुशार हाय. माझा बी असाच बंद पडलता, लाल चौकट येऊन. तो आला, कार्ड हातात घेतलं, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं, दोन मिनिटं बघितलं अन् दिला की उघडून. देवमाणूस!”

“कुठलं कार्ड?”

“अँटिव्हायरसचं. त्यानंच लावून दिलता ना.”

मी कप खाली ठेवला. माणसं पोलिसांना गुन्हेगाराची खबर शिव्या देऊन सांगतात, भीतीनं सांगतात, सूड म्हणून सांगतात. इतकं कौतुक करून दिलेली खबर मला सबंध नोकरीत तेवढी एकच मिळाली. हाच तो डाव होता. आधी अँटिव्हायरस म्हणून कुलूप लावायचं, मग दुरुस्तीवाला होऊन ते उघडायला यायचं. लोक पैसे देत होते आणि वर आभार मानत होते, त्यामुळे तक्रार येणार कुठून? शोध घेतला तसे असे आणखी तिघे सापडले. फिर्यादी शोधायला गेलो आणि आरोपीचे चाहते गाठ पडले. तिघांची आणि धाबेवाल्याची अशी चार कार्डं आम्ही जप्त केली.

धाबेवाल्याच्या मेहुण्याकडे तो परवा येणार होता, आणि आला की आधी धाब्यावर जेवायचा. आम्ही साध्या कपड्यांत धाब्यावर बसलो. तो आला, शेवभाजी मागवली. मी त्याला जेवू दिलं. जेवताना उठवलेला माणूस दोन दिवस चिडलेला राहतो आणि त्या चिडीत तोंड उघडत नाही, हा माझा अनुभव. शेवटचा घास झाल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. तो म्हणाला, “हात धुऊन येऊ का, सर?” इतका शांत.

कोर्टानं चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. माणूस तिशीचा, शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला.

“सर, मी अँटिव्हायरस विकतो. हा गुन्हा आहे का?”

“तो लावला की संगणक बंद का पडतो?”

“औषध घेऊनही माणूस आजारी पडतोच ना, सर. डॉक्टरला आत टाकता का?”

“मग उघडतोस कसा?”

“अनुभव आहे, सर.”

घरझडतीत वही नाही, चिठ्ठी नाही. मोबाइल पुसून कोरा केलेला. ओरडून, समजावून, आईची आठवण काढून, चहा पाजून, सगळे उपाय झाले. पूर्वीचे काही अधिकारी म्हणाले असते, टाका की दोन. पण हात उगारून खोटा कबुलीजबाब मिळतो, खरा पासवर्ड मिळत नाही. आणि मला कबुलीपेक्षा मास्तरांच्या फायली हव्या होत्या.

नाईकनं मास्तरांच्या संगणकाची हुबेहूब प्रत काढून तिच्यावर काम चालवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मान हलवली. “सर, फायली जिवंत हायत. सगळ्या एका गाठोड्यात बांधल्यात अन् वर आठ अक्षरांचं कुलूप हाय. कार्डावरचा आख्खा लायसन नंबर टाकून बघितला, पहिली आठ बघितली, शेवटची आठ बघितली. न्हाई उघडत. अंदाजानं उघडत बसले तर माझी सर्व्हिस संपल.” न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विचारलं, तर नंबर लागायलाच काही महिने जाणार होते. मास्तरांच्या डोळ्यांकडे तेवढे महिने नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठडी संपणार होती. ‘आता आमच्या हातात काही नाही,’ हे त्यांना तोंडावर सांगावं म्हणून मीच बोलावलं होतं. पुरावाही लंगडा होता. त्यानं कार्ड दिलं हे सिद्ध होत होतं, कुलूप लावलं हे होत नव्हतं. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी रडारड केली नाही. फक्त विचारलं, “ते कार्ड एकदा बघू द्या.”

मी फाइल पुढे केली. त्यांनी झेरॉक्सवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“ही नक्कल हाय. साहेब, मी जिंदगीत नकलेवर कधी राय दिली न्हाई. असल दाखवा.”

“मास्तर, तुम्हाला तर नीट दिसतही नाही.” हे मी बोलून गेलो.

“म्हणून तर असल मागतो.”

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, पुरवू. दोन पंच बोलावले, सील तोडल्याचा पंचनामा लिहायला घेतला आणि पाकिटातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्या माणसानं ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिलं होतं आणि मास्तरांनीही ते कधी त्याबाहेर काढलं नव्हतं. त्यांनी कार्डाचं तोंड पाहिलंच नाही. ते उलटं केलं, टेबलावर ठेवलं, चष्मा काढला, डोळे मिटले आणि उजवा अंगठा कार्डाच्या पाठीवरून हळूहळू ओढला. एकदा. दोनदा. खोलीत एसीचं पाणी बादलीत पडत होतं तेवढाच आवाज.

“बेटी, लिहून घे,” ते म्हणाले. “तिसरं. चौथं. सातवं. नववं.” अंगठा थांबत होता, मागे येत होता, पुन्हा पुढे जात होता. “बारावं, तेरावं. सतरावं. अन् शेवटचं विसावं.”

“काय आहे हे?” मी विचारलं.

“लायसनच्या नंबरात वीस हरफ हायत. ह्या आठांवर त्यानं पेन दाबलाय. बाकीचे बोटाला हलकेच लागतात.”

मी कार्ड घेतलं, डोळ्यांशी नेलं. पुढून सगळी अक्षरं सारखीच, निळी, गोल, नेटकी. मागून अंगठा फिरवला आणि मला तिथे काहीच कळेना. मग नाईकनं ते खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपं धरलं. ती एकदम म्हणाली, “सर!” बारीक पुळ्यांसारखे आठ उठाव स्पष्ट दिसत होते. आणि मला धाबेवाला आठवला. *खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं.* तो पोऱ्या जादू करत नव्हता, वाचत होता. एवढ्या घरांची एवढी कुलपं डोक्यात राहणार नाहीत, वही ठेवली तर पोलीस धरतील, म्हणून त्यानं प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्याच घरात ठेवली होती.

“तुम्हाला कसं सुचलं हे?” मी विचारलं.

“त्यात सुचायचं काय? जुना दस्त हातात आला की मी आधी पाठ बघतो. ज्यानं खाडाखोड करून नवं लिहिलं, त्याचा हात तिथं भारी पडतो. शाई मिळवता येते, हात मिळवता येत न्हाई. कागदाचं तोंड खोटं बोललं तरी पाठ बोलत न्हाई.”

नाईकनं आठ अक्षरं कागदावर उतरवली होती. ती टंकायला बसली, तेवढ्यात मला शंका आली. कार्ड उलटं होतं, मग मोजणी उलटी तर झाली नाही? ती हसली. “न्हाई सर. मास्तरांनी उजवीकडून मोजलंय. पाठीमागची उजवी बाजू म्हणजे तोंडाची डावी.” मास्तरांनी जन्मभर उजवीकडून डावीकडे वाचलेलं. मी मोजलं असतं तर डावीकडून सुरुवात करून सगळंच उलटं करून ठेवलं असतं. त्यांचं बोट मात्र सवयीनंच बरोबर जागेवरून निघालं होतं.

तिनं कळ दाबली. पडदा क्षणभर काळा झाला. मग फायलींची रांग उलगडत गेली, उलगडतच राहिली. पंचांपैकी एक फळविक्रेता होता, त्याच्या तोंडून “या अल्ला” निघालं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. कुठला वरिष्ठ आला नव्हता. बसवेनाच.

मास्तर पडद्याच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. “मला न्हाई दिसत. पहिला लफ्ज वाच, बेटी.”

“आबपाशी,” तिनं वाचलं. “विहिरीचं, नाल्याचं वा तलावाचं पाणी पिकाला देणे.” पुढे कुठल्या गावच्या कागदात तो कसा आला त्याची नोंद होती, तीही तिनं वाचली. तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

उरलेली चार कार्डं त्याच पंचांसमोर उघडली. प्रत्येकाच्या पाठीवर आठ-आठ उठाव. संध्याकाळी मी आरोपीला खोलीत बोलावलं आणि काही न बोलता पाच कार्डं त्याच्यापुढे पालथी मांडली. तो बघत राहिला. मग त्यानं पाणी मागितलं. आरोपी पाणी मागतो तेव्हा समजावं, बांध फुटला.

“कुणी ओळखलं, सर?” ग्लास ठेवून त्यानं विचारलं.

“ज्याला तुझं कार्ड दिसतसुद्धा नाही, त्यानं.”

दोषारोपपत्र गेलं. संगणक परत न्यायला मास्तर आले तेव्हा त्यांनी नाईकला विचारलं, “आता कोणता अँटिव्हायरस घेऊ? ह्या बारीला तू सांग, मी साक्षीदार विचारणार न्हाई.”

“संगणकात हाय तोच चालू ठेवा,” ती म्हणाली. “अपडेट आलं की टाळू नका. जास्तीचा हवाच असंल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. दारात आलेल्याकडून न्हाई, फोनवर बोलणाऱ्याकडून न्हाई, पडद्यावर ‘तुमचा संगणक धोक्यात’ म्हणून ओरडणाऱ्या चौकटीकडून तर मुळीच न्हाई. अन् दोन-दोन लावू नका.”

इथे मी खाली बघितलं. माझ्या घरच्या संगणकावर दोन होते, एक दुकानदारानं दिलेला आणि एक मेहुण्यानं. दोन राखणीचे कुत्रे एका दारात बांधले की ते चोराला सोडून एकमेकांवरच भुंकतात. त्या रविवारी मी एक काढून टाकला.

“अन् सगळ्यात मोठं म्हंजे,” ती पुढे म्हणाली, “कोणता बी अँटिव्हायरस असू द्या, फायलींची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवा.”

मास्तर हसले. “नक्कल? मी जन्मभर तिला नावं ठेवली.” जरा विचार करून म्हणाले, “बरं. साक्षीदार म्हणून ठेवू. दोन पाहिजेत.”

दोन पेन ड्राइव्ह भरले. एक नाईककडे गेला. दुसरा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या ताब्यात सोनं आलं, हत्यारं आली, रोकड आली, सगळ्याची पावती झाली. हा एक मुद्देमाल असा की ज्याची पावती मास्तरांनी मागितली नाही.

आम्ही पोलीस स्वतःला माणसं वाचणारे म्हणवतो. मी त्या माणसाचा चेहरा चार दिवस वाचला आणि हाती काही लागलं नाही, कारण तो मला दाखवायलाच बसला होता. वाचायला हवं होतं ते आम्ही लाखेनं सील करून कपाटात ठेवलं होतं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकाही गुन्ह्याचा तपास नुसत्या झेरॉक्सवर केला नाही. हाताखालच्यांना ते जाचक वाटायचं. वाटू दे.

मास्तरांची नजर आता पूर्ण गेली आहे. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. “साहेब, साक्षीदार हजर हाय?” मी कपाटातून पेन ड्राइव्ह काढतो, संगणकाला लावतो, “हजर आहे,” म्हणतो आणि मनाला येईल तो एक शब्द काढून अर्थासकट वाचून दाखवतो. ते ऐकतात, कधी एखाद्या गावाची आठवण सांगतात आणि फोन ठेवतात.

गेल्या खेपेला मी ‘पैमाइश’ वाचला. जमिनीची मोजणी. त्याखाली मास्तरांनी लिहिलं होतं की, बालाघाट डोंगराच्या चढावर मोजणीची साखळी सरळ बसत नाही, म्हणून तिथल्या कागदात या शब्दापुढे मोजणाऱ्याचं नावही लिहीत. चुकलं तर माणूस सापडावा.

मग मास्तरांचा आवाज आला. “हे मी लिहिलंय? चांगलं लिहिलंय की. आता मला आठवत बी न्हाई.”

“तुम्हीच लिहिलंय, मास्तर,” मी म्हणालो. “साक्षीदार सांगतोय.” आणि त्यांनी सांगायच्या आत पुढचा शब्द वाचायला घेतला.